हुकूमशहाची सही: लोक उठतात तेव्हा परदेशी मित्र काय करतात?

२०२४ साली चार महिन्यांच्या अंतराने दोन राज्यकर्त्यांनी आपापला देश सोडला. ५ ऑगस्टला शेख हसीना ढाक्याहून निघाल्या आणि दिल्लीजवळच्या हिंडन हवाई तळावर उतरल्या. ८ डिसेंबरला सीरियाची राजधानी दमास्कस पडली आणि अध्यक्ष बशर अल-असद मॉस्कोला पोचले. हसीना यांना हुकूमशहा म्हणायचं, की निवडून येऊन पुढे एकाधिकारी झालेल्या नेत्या, यावर वाद घालता येईल. असद यांच्याबाबत तो वाद नाही. पण दोन्ही बातम्या वाचताना प्रश्न एकच पडला असेल: ज्या मोठ्या शेजाऱ्याने किंवा मित्राने यांना इतकी वर्षं सांभाळलं, त्याने शेवटच्या दिवशी फक्त आसऱ्यापुरतीच मदत का केली? आणि मुळात इतकी वर्षं सांभाळलं तरी का?

याची दोन उत्तरं सगळ्यांच्या तोंडी तयार असतात. एक, सगळे देश दुटप्पी असतात. दुसरं, सगळं पडद्यामागे आधीच ठरलेलं असतं. पहिलं बरंचसं खरं आहे, पण त्याने काही समजत नाही. दुसरं बहुतेक वेळा खोटं आहे. दुटप्पीपणा चालतो कसा, तो कुठे उपयोगी पडतो आणि कुठे अंगाशी येतो, हे पाहायला गेलं की गोष्ट उलगडते.

बारा वारस आणि एक दांडगा भाऊ

समजा, एका मोठ्या कुटुंबाची सामाईक जमीन आहे आणि तुम्हाला तिच्यातून रस्ता काढायचा आहे. वारस बारा. प्रत्येकाला भेटायचं, समजूत घालायची, संमती घ्यायची, तर वर्षं जातील. कोणी अडून बसेल, कोणी जास्त मागेल. तेवढ्यात त्यातला एक दांडगा भाऊ म्हणतो, ‘बाकीच्यांचं मी बघतो, सही मी करतो.’ तुम्ही पैसे मोजता, रस्ता होतो. इतरांना काय वाटतं हे तुम्ही विचारत नाही, कारण विचारलं तर तो भाऊ बिथरतो. वीस वर्षांनी उरलेले अकरा जण मिळून त्याला घराबाहेर काढतात आणि मग तुमच्या रस्त्यावर येऊन उभे राहतात. त्यांच्या लेखी तुम्ही त्याचे साथीदार. आणि खरं सांगायचं तर तुम्ही असताच.

आता रस्त्याच्या जागी नाविक तळ, तेल, कालव्यातून वाट, शांतता करार किंवा टेहळणी केंद्र ठेवा. परदेशी सत्तेला हुकूमशहा आवडतो तो त्याच्या विचारांमुळे नाही, त्याच्या एका सहीमुळे. लोकशाहीत तीच गोष्ट संसदेपुढे जाते आणि संसद ‘नाही’ म्हणू शकते. फिलिपीन्समध्ये हे अक्षरशः घडलं. हुकूमशहा फर्डिनांड मार्कोस सत्तेवर असेपर्यंत सुबिक बे आणि क्लार्क हे अमेरिकी तळ निवांत होते. मार्कोस गेल्यावर, १६ सप्टेंबर १९९१ला, तिथल्या सिनेटने तळांचा नवा करार १२ विरुद्ध ११ मतांनी फेटाळला. पुढच्या वर्षी अमेरिकी आरमाराला सुबिकमधून गाशा गुंडाळावा लागला.

बाहेरच्या मदतीवर टिकलेल्या अशा राजवटीला ‘आश्रित राजवट’ म्हणतात. शब्द थोडा फसवा आहे, कारण आश्रिताच्या हातातही हुकमाचं पान असतं: ‘मी गेलो तर माझ्यामागून जे येतील ते तुम्हाला परवडणार नाहीत.’ दगडापेक्षा वीट मऊ, हा हिशेब मग वर्षानुवर्षं चालतो. हुकूमशहाही मधल्या काळात मवाळ विरोधकांना तुरुंगात टाकून खरोखरच फक्त दगड शिल्लक राहतील अशी व्यवस्था करतो.

इजिप्तचा हिशेब

सगळ्यात स्वच्छ दिसणारं उदाहरण इजिप्तचं आहे, म्हणून तिथे जरा थांबू.

१९७९मध्ये इजिप्तने इस्रायलशी शांतता करार केला. त्यानंतर अमेरिकेची मदत वाढली आणि १९८७पासून लष्करी मदत वर्षाला साधारण १३० कोटी डॉलरवर स्थिरावली. यातला मोठा भाग इजिप्तच्या नावाने अमेरिकेतच खर्च होतो: त्या पैशातून अमेरिकी कारखान्यांची विमानं, रणगाडे आणि सुटे भाग घेतले जातात. बदल्यात काय मिळतं? अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षकांनी २००६मध्ये याची मोजदाद केली होती. २००१ ते २००५ या काळात इजिप्तने ३६,५५३ अमेरिकी लष्करी उड्डाणांना आपल्या हद्दीतून जाऊ दिलं आणि ८६१ युद्धनौकांना सुएझ कालव्यातून झटपट वाट दिली. आणि इस्रायलच्या दक्षिण सीमेवर शांतता होतीच.

आपण म्हणतो, ‘अमेरिकेचा होस्नी मुबारकना पाठिंबा होता.’ पण पैसा जात होता फौजेकडे. मुबारक त्या फौजेने दिलेले अध्यक्ष होते. हा फरक ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

२५ जानेवारी २०११ला कैरोत मोर्चे निघाले. त्याच दिवशी परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन म्हणाल्या की इजिप्तचं सरकार स्थिर आहे असा आमचा अंदाज आहे. दोन दिवसांनी उपाध्यक्ष जो बायडन म्हणाले, मी मुबारकना हुकूमशहा म्हणणार नाही. इकडे तहरीर चौकात लोक डोळे चोळत अश्रुधुराची रिकामी नळकांडी उचलून पाहत होते. त्यावर छापलं होतं ‘मेड इन यूएसए’ आणि खाली पेनसिल्व्हेनियातल्या जेम्सटाउनचा पत्ता. परराष्ट्र धोरणावरच्या शंभर भाषणांपेक्षा ते नळकांडं लोकांना जास्त कळलं असणार.

मग गडबड उडाली. ओबामांनी फ्रँक विस्नर या अनुभवी माजी राजदूताला मुबारककडे धाडलं. ते परत आले आणि ५ फेब्रुवारीला एका परिषदेत म्हणाले, मुबारक यांनी पदावर राहणं अत्यंत गरजेचं आहे. सरकारला लगेच सांगावं लागलं की हे त्यांचं वैयक्तिक मत. याच दिवसांत वॉशिंग्टनहून एक शब्दप्रयोग वारंवार ऐकू येऊ लागला: ‘सुव्यवस्थित सत्तांतर’. साध्या भाषेत, माणूस बदला, पण करार, कालवा आणि फौज जागेवर राहू द्या. ११ फेब्रुवारीला मुबारक गेले आणि कारभार लष्कराच्या परिषदेने हाती घेतला. त्याच दिवशी स्वित्झर्लंडने मुबारक यांची तिथली मालमत्ता गोठवली. आदल्या दिवसापर्यंत त्या ठेवींबद्दल तिथल्या सरकारला काही खटकलं नव्हतं.

पुढचा अंक जास्त बोलका आहे. २०१२मध्ये मोहम्मद मोर्सी अध्यक्षपदी निवडून आले आणि ३ जुलै २०१३ला लष्करप्रमुख जनरल सिसी यांनी त्यांना हटवलं. अमेरिकी कायदा सांगतो की निवडून आलेलं सरकार लष्कराने उलथवलं, तर त्या देशाची मदत थांबवायची. म्हणजे याला ‘लष्करी सत्तापालट’ म्हटलं की १३० कोटी डॉलर अडकले. यावर तोडगा काय निघाला? हा सत्तापालट आहे की नाही हे ठरवण्याची कायद्याने आमच्यावर सक्ती नाही, असं सरकारने जाहीर केलं. आहे म्हणायचं नाही, नाही म्हणायचं नाही. पुढे काही महिन्यांनी थोडी शस्त्रं रोखली आणि २०१५च्या मार्चमध्ये ती पुन्हा सोडली.

एवढे हेर असून आधी कळत कसं नाही?

याचं उत्तर दांडग्या भावापाशीच आहे. इतर वारसांशी बोललात तर तो रागावतो, म्हणून तुम्ही बोलत नाही, आणि त्यांच्याबद्दल जे काही कळतं तेही त्याच्याच तोंडून.

३१ डिसेंबर १९७७च्या रात्री तेहरानच्या मेजवानीत अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांनी इराणचे राजे शाह यांचं कौतुक करताना इराणला अशांत प्रदेशातलं ‘स्थैर्याचं बेट’ म्हटलं. जेमतेम दहा दिवसांत कोम शहरात निदर्शकांवर गोळीबार झाला. पुढच्या ऑगस्टमध्येही सीआयए या अमेरिकी हेरसंस्थेचं मूल्यमापन होतं की इराणमध्ये क्रांती सोडाच, क्रांतिपूर्व परिस्थितीही नाही. १६ जानेवारी १९७९ला शाह देश सोडून गेले. हे हेर झोपलेले नव्हते. इराणच्या उत्तरेतल्या केंद्रांतून ते सोव्हिएत क्षेपणास्त्र चाचण्यांवर कान लावून बसले होते, आणि देशातल्या असंतोषाची माहिती बरीचशी शाहच्या ‘सावाक’ या गुप्त पोलिसांकडून येत होती. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच दप्तरातून तक्रारींची नोंद.

बंदूक कुणाच्या हातात?

उठाव सुरू झाला की परदेशी राजधान्यांत गर्दीचा आकडा मोजला जातो, पण खरी नजर असते बराकींवर. सैनिक गोळी झाडणार का? झाडणार असेल तर मित्र काही काळ टिकेल. नसेल, तर विमान तयार ठेवायचं.

९ ऑक्टोबर १९८९ला लायपझिगमध्ये सुमारे ७० हजार लोक रस्त्यावर उतरले. पूर्व जर्मनीत तेव्हा लाखोंची सोव्हिएत फौज होती. १९५६मध्ये हंगेरीत आणि १९६८मध्ये प्रागमध्ये असेच रणगाडे बाहेर पडले होते. या वेळी मॉस्कोने ते बराकीतच ठेवले. गोळी सुटली नाही, नऊ दिवसांनी पूर्व जर्मनीचे सर्वेसर्वा होनेकर गेले, आणि महिन्याभरात बर्लिनची भिंत उघडली. ढाक्यातही हसीना यांचा मुक्काम संपला तो लष्कराने जमावावर गोळ्या झाडायला नकार दिल्यावर; १ जुलै ते १५ ऑगस्ट या काळात मारल्या गेलेल्यांची संख्या १,४०० पर्यंत असू शकते, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे.

बाहेरचा मित्र या क्षणी काय बोलतो याला अतोनात वजन येतं, कारण सेनापतीही तेच ऐकत असतात. याचं सगळ्यात जवळून दिसणारं दृश्य मनिलातलं. फेब्रुवारी १९८६. निवडणुकीत गफला करून मार्कोस जिंकले होते, संरक्षणमंत्री आणि लष्करातला एक गट फुटला होता, आणि एड्सा या हमरस्त्यावर लाखो लोक रणगाड्यांपुढे उभे होते. २५ तारखेच्या पहाटे मार्कोस यांनी वॉशिंग्टनला सिनेटर पॉल लॅक्सॉल्ट यांना फोन लावला. हे अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांचे जुने मित्र. मार्कोस यांना एवढंच जाणून घ्यायचं होतं की मी जावं अशी खुद्द रेगन यांची इच्छा आहे का. लॅक्सॉल्ट व्हाइट हाउसमध्ये जाऊन आले आणि उलट फोन केला. अध्यक्षांच्या वतीने बोलायचा मला अधिकार नाही, म्हणाले. मग तुमचं मत सांगा, मार्कोस म्हणाले. लॅक्सॉल्ट यांनी सांगितलं: तोडून टाका, स्वच्छ तोडून टाका, वेळ आली आहे. पलीकडे इतका वेळ शांतता की त्यांना विचारावं लागलं, तुम्ही आहात ना? मार्कोस म्हणाले, आहे. माझी फार, फार निराशा झाली.

त्या दिवशी त्यांनी राजवाड्यात पुन्हा अध्यक्षपदाची शपथ घेतली, बाल्कनीत येऊन लोकांना दर्शनही दिलं. रात्री अमेरिकी हेलिकॉप्टरनी त्यांना कुटुंबासह क्लार्क तळावर नेलं. ज्या तळासाठी मैत्री, त्याच तळावरून पाठवणी.

‘म्हणजे सगळं सीआयएच घडवते, असंच ना?’

हा संशय हवेतून आलेला नाही. १९५३मध्ये इराणचे पंतप्रधान मोसादेक यांना हटवण्यामागे ब्रिटिश आणि अमेरिकी हेरसंस्था होत्या, आणि सीआयएने पुढे खुल्या केलेल्या आपल्याच कागदपत्रांत ते मान्य केलं आहे. सर्बियात २०००मध्ये राज्यकर्ते मिलोसेविच यांच्या विरोधातल्या विद्यार्थी संघटनेला अमेरिकी पैसा मिळत होता, हेही लपलेलं नाही.

पण पैशाने छापखाना चालवता येतो, कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देता येतं. ट्युनिशियातल्या सिदी बूझीद गावात मोहम्मद बुअझीझी या फेरीवाल्याचा माल आणि वजनकाटा जप्त झाला, दाद मागायला गेला तर दार उघडलं नाही, आणि १७ डिसेंबर २०१०ला त्याने स्वतःला पेटवून घेतलं. अरब देशांतले उठाव तिथून सुरू झाले. हा राग कुठल्या दूतावासातून येत नाही. शिवाय ज्यांनी हे घडवलं असा आरोप होतो, त्यांची २०११ची तारांबळ आपण वर पाहिलीच. मुबारक जाणार हे ठरलेलं असतं, तर क्लिंटनबाईंनी सरकार स्थिर असल्याची ग्वाही कशाला दिली असती? ‘हे परकीयांचं कारस्थान आहे’ हे वाक्य स्वतः हुकूमशहांच्या किती सोयीचं आहे, तेही बघा. त्याने स्वतःच्या लोकांची तक्रार ऐकायची गरजच उरत नाही.

‘मग सैन्य पाठवून हुकूमशहाला काढतच का नाहीत?’

लिबियात काढलं. १७ मार्च २०११ला सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक १९७३ मंजूर केला, नागरिकांचं रक्षण करण्यासाठी बळ वापरायला परवानगी देणारा. दहा मतं बाजूने, पाच देश तटस्थ: रशिया, चीन, जर्मनी, ब्राझील आणि भारत. बेंगाझीच्या वेशीवर गद्दाफीची फौज होती, तेव्हा ठराव अनाठायी होता असं मला वाटत नाही. पण नागरिकांचं रक्षण करता करता ती मोहीम राजवट पाडण्याची झाली. २० ऑक्टोबरला गद्दाफी मारला गेला आणि त्यानंतर कोणाचंच राज्य उरलं नाही, कारण बेचाळीस वर्षांत त्याने स्वतःशिवाय दुसरी संस्था टिकू दिली नव्हती. मार्च २००४मध्ये याच गद्दाफीच्या तंबूत ब्रिटनचे पंतप्रधान टोनी ब्लेअर हस्तांदोलन करून आले होते, हेही जाता जाता.

लिबियाचे दोन धडे इतरांनी फार नीट गिरवले. रशिया आणि चीनने सीरियाबाबतचे ठराव नकाराधिकार वापरून एकापाठोपाठ पाडले. नकाराधिकार म्हणजे पाच कायम सदस्यांपैकी एकाच्या नकारानेही ठराव बाद होणं. आणि गद्दाफीने २००३मध्ये अण्वस्त्रांचा नाद सोडला होता हे बाकीच्या हुकूमशहांनी टिपून ठेवलं.

लिबियाचा ठराव झाला त्याच आठवड्यात बहारीनमध्ये काय चाललं होतं? तिथेही लोक मोत्याच्या चौकात जमले होते. १४ मार्च २०११ला सौदी अरेबिया आणि अमिरातीची कुमक समुद्रावरचा पूल ओलांडून आत आली, चौक रिकामा झाला, आणि चौकातलं स्मारकसुद्धा जमीनदोस्त केलं गेलं. अमेरिकेने संयमाचं आवाहन केलं. तिच्या पाचव्या आरमाराचं मुख्यालय बहारीनमध्येच आहे.

हे फक्त अमेरिकेचं दुखणं आहे का?

अजिबात नाही. अमेरिकेची कागदपत्रं उघडी पडतात आणि तिथले पत्रकार विचारतात, म्हणून तिची उदाहरणं जास्त. ट्युनिशियात हुकूमशहा बेन अलींचे पोलीस गोळ्या घालत असताना फ्रान्सच्या परराष्ट्रमंत्री मिशेल अलिओ-मारी यांनी संसदेत सुचवलं की जमाव हाताळण्यातलं फ्रेंच पोलिसांचं कौशल्य आपण त्यांना देऊ शकतो. दोन-तीन दिवसांत बेन अली सौदीला पळाले. बाईंनी नाताळची सुट्टी ट्युनिशियातच घालवली होती, तीही राजवटीच्या जवळच्या उद्योजकाच्या विमानातून, हे बाहेर आलं आणि फेब्रुवारीअखेरीस त्यांना राजीनामा द्यावा लागला. ब्रिटनने १९७८मध्ये रुमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कूला मानाची सरदारकी दिली होती. ती परत घेतली २४ डिसेंबर १९८९ला, त्याला गोळ्या घातल्या जाण्याच्या आदल्या दिवशी. वरातीमागून घोडं म्हणतात ते हे.

आणि भारत? १९८८च्या उठावात भारताची सहानुभूती उघडपणे म्यानमारच्या लोकांच्या बाजूने होती. मग ईशान्येतली बंडखोरी, सीमा आणि चीनचा वाढता वावर यांचा हिशेब झाला आणि दिल्लीने लष्कराशी जुळवून घेतलं. १ फेब्रुवारी २०२१ला तिथे पुन्हा सत्तापालट झाला. २७ मार्चला म्यानमारच्या सेनादल दिनाच्या संचलनाला ज्या आठ देशांनी प्रतिनिधी पाठवले, त्यांत भारत होता. त्या एका दिवसात देशभर शंभरावर लोक मारले गेले. सीमेची मजबुरी मला कळते. संचलनातली खुर्ची मात्र रिकामी ठेवता आली असती.

‘तर मग संबंधच तोडावेत’

ऐकायला बरं वाटतं, पण संबंध तोडले की फोनही तुटतो. लॅक्सॉल्ट यांच्या शब्दाला वजन होतं ते आधीच्या वीस वर्षांच्या लागेबांध्यांमुळे. अडचण अशी की ज्यांच्याकडे दाबायला कळ असते, ते ती गरज पडेल तेव्हा दाबत नाहीत.

दक्षिण कोरियात एकाच दशकात दोन्ही बाजू दिसल्या. मे १९८०मध्ये लष्करशहा चुन दू-ह्वान यांच्या फौजांनी ग्वांगजू शहरातला उठाव चिरडला. अमेरिकेने थोपवलं नाही, आणि पुढच्या फेब्रुवारीत चुन व्हाइट हाउसमध्ये पाहुणे होते. त्या आमंत्रणाच्या मोबदल्यात विरोधी नेते किम दे-जुंग यांची फाशी रद्द करवून घेतली गेली, ही त्यातली दुसरी बाजू. हेच किम १९९८मध्ये अध्यक्ष झाले. जून १९८७मध्ये रस्ते पुन्हा भरले आणि चुन लष्करी कायदा पुकारण्याच्या बेतात होते. या वेळी अमेरिकी राजदूताने रेगन यांचं पत्र हातात ठेवलं आणि तसं करू नका असं स्पष्ट सांगितलं. दहा दिवसांत थेट निवडणुकीची मागणी मान्य झाली. मैत्री तीच, तळ तेच. फरक एवढाच की या वेळी गोळीच्या आधी बोललं गेलं.

आणखी एक पेच आहे, पळवाटेचा. हुकूमशहाला सुखरूप जाऊ दिलं तर रक्तपात टळतो, पण न्याय बुडतो. लायबेरियाच्या चार्ल्स टेलरला २००३मध्ये नायजेरियात आसरा देऊन युद्ध थांबवलं. २००६मध्ये त्याला न्यायालयाच्या स्वाधीन केलं आणि २०१२मध्ये शेजारच्या सिएरा लिओनमधल्या युद्धगुन्ह्यांबद्दल ५० वर्षांची शिक्षा झाली. तिथल्या बळींच्या दृष्टीने हे योग्यच झालं. पण तेव्हापासून कुठल्याही हुकूमशहाला ‘जा, तुला कोणी हात लावणार नाही’ असं सांगितलं तर तो विश्वास कशाला ठेवील? त्याला हमी हवी असते, आणि ती हमी देऊ शकेल अशी राजधानी शोधत तो जातो.

असद मॉस्कोला गेले ते यामुळेच. रशियाने २०१५पासून त्यांच्यासाठी विमानं उडवली, बॉम्ब टाकले. बदल्यात तार्तुसचं बंदर आणि ह्मैमीमचा हवाई तळ. त्यांना ज्यांनी हुसकावलं त्या अहमद अल-शरा यांच्यावर अमेरिकेचं एक कोटी डॉलरचं इनाम होतं. दमास्कस पडल्यावर दोन आठवड्यांच्या आत ते मागे घेतलं गेलं. १५ ऑक्टोबर २०२५ला शरा क्रेमलिनमध्ये पुतिन यांच्यासमोर बसले होते. रशियाशी झालेल्या आधीच्या करारांचा आम्ही मान राखू, असं त्यांनी सांगितलं. ज्यांच्या सहीने ते करार झाले होते, ते असद रशियातच होते. बैठकीचं बोलावणं त्यांना नव्हतं.